चंचीतला लाल ठिपका

२९ मार्च, दुपारी

माझी नात धम्मप्रिया मिरजेला गेली. नर्सिंगचं शेवटचं वर्ष, ड्यूटी तिकडच्या दवाखान्यात लागली. आता बुद्धपौर्णिमेलाच येणार. जाताना माझ्या गळ्यात दोन गोष्टी घालून गेली. एक तिची मांजर शेंगी. दुसरा हा फोन.

म्हणाली, आज्जी, मी नसताना तू कुणाशी बोलणार? दिवसभराचं याच्याशी बोलत जा. माईकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, फोन लिहून घेतो, तारीखसुद्धा आपली आपण टाकतो. मी म्हटलं, अगं, मला कुठं वाचता येतंय? म्हणाली, तुला नाही येत आणि दुसऱ्या कुणाला वाचू द्यायचं नाही, तुझ्या अंगठ्याशिवाय उघडतच नाही. हे मला पटलं. जन्मभर अंगठाबहाद्दर म्हणून हसले सगळे, आता अंगठाच कामाला आला.

मी हाय म्हटलं तरी हा आहे लिहितो म्हणे. मोठा शिकलेला लागून गेला.

शेंगी माझ्याकडं बघतसुद्धा नाही. शेंगदाण्याच्या टरफलासारखा रंग आणि कलेक्टरसारखा तोरा. दोन वर्षं धम्माच्या उशाला झोपली. काल धम्मा स्टँडवर गेल्यापासून तिच्या रिकाम्या पलंगावर पाठ करून बसली आहे. रिक्षात बसताना धम्मा मला एकटीला म्हणाली, आज्जी, रोज खेळव हां तिला, नाहीतर झुरेल. आणि बघ, मला विसरू देऊ नको.

विसरू कशाला देईन? पण पोर येईपर्यंत मांजर थोडी माझी झाली, तर त्यात कुणाचं काय जातंय.

३१ मार्च

खेळवलं. टॉवेलच्या काठाची लांब पट्टी, तिला पुढं गाठ. धम्मानंच करून ठेवलेली. टॉवेलच्या कारखान्यात दोरे कापण्यात माझा जन्म गेला, पट्टी हातात धरणं मला नवं नाही. पण ही पट्टी घेऊन पळायचं असतं. दोनदा पलंगाभोवती फिरले. गुडघ्यानं जय भीम केला. शेंगी जागची हलली नाही, मीच पळत होते आणि ती बघत होती. कोण कुणाला खेळवत होतं कळेना.

धम्माचा फोन आला. तिला सांगितलं, लई पळालो आम्ही दोघी.

अर्धं खरं आहे.

२ एप्रिल, दुपारी

मी चोर नाही. खोकल्याची गोळी शोधायला लेकाच्या, दिपकच्या बॅगेत हात घातला. गोळी नाही मिळाली, पेनासारखं एक मिळालं. बटण दाबलं तर भिंतीवर लाल ठिपका. दिपक ऑफिसात ट्रेनिंग देतो, पडद्यावर काहीबाही दाखवतो, त्याचं असणार. परत ठेवत होते. खरंच ठेवत होते.

तेवढ्यात पलंगावरून शेंगी उतरली.

आई शप्पथ, अशी उतरली की जणू तिला नोकरीची ऑर्डर आली. ठिपका भिंतीवर, ती भिंतीवर. ठिपका फरशीवर, ती फरशीवर. मी नुसती गादीवर बसून मनगट हलवत होते. गुडघ्याला पत्ताच नाही. मी हसले, लई दिवसांनी पोट धरून हसले. सून रुपाली स्वयंपाकघरातून विचारत होती, आत्या, एकट्याच काय हसताय? म्हटलं, जुनं आठवलं.

पेन माझ्या चंचीत ठेवलंय, पान-सुपारीच्या खणात. संध्याकाळी दिपकच्या बॅगेत टाकेन.

३ एप्रिल

विसरले. आज टाकेन.

५ एप्रिल, संध्याकाळी

दिपक घरभर शोधतोय. आई, माझा पॉइंटर बघितलास का? मी विचारलं, कसला रे? तो म्हणाला, पेनासारखा असतो, लाल लाईट येते. मी म्हटलं, बाबा, मला पेनातलं काय कळतंय, मी शाळेत गेले का कधी?

हे खोटं नाही. शाळेत नाहीच गेले.

ट्रेनिंगला त्यानं छत्रीच्या टोकानं दाखवलं म्हणे. सगळे हसले म्हणे. हसले तर बरंच, ट्रेनिंगला कोण हसतं नाहीतर.

९ एप्रिल

आज नोंद करण्यासारखी गोष्ट. मी पान खायला चंची उघडली. सुपारीचा आणि अडकित्त्याचा नुसता आवाज झाला, आणि शेंगी पुढच्या खोलीतून उडी मारून माझ्यापुढं हजर. डोळे मोठ्ठे. माझे सासरे पंगतीला बसल्यावर वाढणारीकडं बघायचे, तशी माझ्याकडं बघत होती.

धम्माला फोनवर सांगितलं, मी नुसती बसले तरी येते बघ जवळ. धम्मा म्हणाली, खरंच, आज्जी? माझ्याकडं पण एवढी येत न्हवती. तिचा आवाज जरा पडला. मला वाईट वाटलं. थोडं बरंसुद्धा वाटलं. ही मला नाही आवडली माझी गोष्ट, पण फोन विचारतोय म्हणून सांगितली. फोन काही विचारत नाही म्हणा.

रात्री शेंगी माझ्या गादीवर झोपली. चंचीला चिकटून.

११ एप्रिल

दिपक जेवताना सांगत होता. बसलिंगप्पा, त्याच्या शेजारच्या टेबलाचा, बारा वर्षं दोघं एका डब्यात जेवतात. बसलिंगप्पानं मागच्या महिन्यात सहज म्हटलं होतं, भारी आहे रे तुझा पॉइंटर, मला पण पाहिजे असला. म्हणून दिपकचा त्याच्यावर संशय. रुपाली म्हणाली, अहो, तसा माणूस न्हाय तो. दिपक म्हणाला, मग काय पाय फुटले त्याला? आजकाल वेगळा जेवतो मी.

भाकरी घशात अडकली माझ्या. ज्वारीच जरा कोरडी होती या खेपेची.

उद्या बॅगेत टाकते. उद्या म्हणजे उद्याच.

१५ एप्रिल

काल जयंती. घर पाहुण्यांनी भरलं, पांढरी साडी, विहार, जेवणं. खेळायला वेळच नाही. पाहुणे गेल्यावर बघते तर शेंगी माझ्या खोलीतल्या भिंतीपुढं बसलेली. भिंतीवर काही नाही. नुसती बघतेय आणि मधूनच बारीक ओरडतेय, लहान मूल झोपेत ओरडतं तसं. माझ्या पाहुण्या नणंदेनं विचारलं, वैनी, मांजराला काय दिसतंय हो तिथं? मी म्हटलं, विचार करत असेल.

नणंद गेली तशी थोडा वेळ खेळवलं. शेंगीच्याच शांतीसाठी. मग ती झोपली नाही, भिंतीलाच नाक लावून बसली. त्याला मी काय करणार.

१७ एप्रिल, दुपारी

पुढची खोली स्लॅबची, माझी मागची पत्र्याची. पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं. उन्हाळ्यात त्यातनं कवडसे पडतात, पैशाएवढे गोल, फरशीवर दिवसभर सरकत असतात. तीस वर्षं पडतायत. कुणी त्यांच्याकडं ढुंकून बघितलं नाही.

आता शेंगी बघते. दुपारी बारापासून एका कवडशावर पंजा मारते, मग दुसऱ्यावर. पंजा उचलून खाली बघते, काहीच नाही. परत मारते. बाहेर बेचाळीस डिग्री, सगळं सोलापूर कूलरपुढं आडवं झालंय, आणि ही तापलेल्या फरशीवर उन्हाच्या तुकड्यांमागं. मांजराला धाप लागलेली मी पहिल्यांदा बघितली.

मी प्रत्येक कवडशावर एक-एक टॉवेल टाकला. कवडसा टॉवेलाच्याच वर येऊन बसला. मी ताटं, हंडे सगळं झाकून टाकलं, चकाकू नये म्हणून. शेजारची जगदेवी, अक्कलकोटकडची, वाटीभर साखर मागायला आली आणि दारातच थबकली. मीनक्का, यारू होदरू? कोण गेलं? सगळं झाकून का ठेवलंय?

मी म्हटलं, धूळ लई आहे.

२० एप्रिल

पाण्याचा दिवस. चार दिवसांनी नळ आला. रुपालीनं पहाटे उठून सगळं भरलं, अंगणातलं मोठं पिंपसुद्धा काठोकाठ. ऊन वर आलं, पिंपातल्या पाण्याचा उजेड पत्र्याच्या पडवीला खालून नाचायला लागला. मी पान लावत होते, माझं लक्ष नव्हतं. माझं लक्ष होतं, खरं तर. मी बघत होते आता ही काय करते.

शेंगीनं भिंतीवरून उडी मारली उजेडाला. उजेड काही हातात आला नाही. खाली पिंप होतं.

मी आयुष्यात एवढ्या जोरात उठले नसेन. दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून काढली. मूठभर झालेली, थरथरतेय, माझ्या दंडावर नखांच्या चार रेघा. आणि एवढं होऊन बाहेर काढल्या काढल्या परत वर, पत्र्याकडं बघतेय.

रुपालीनं पिंप ओतून दिलं झाडांना. चार दिवसांचं पाणी. नुसती म्हणाली, आत्या, हे मांजर आधी असं न्हवतं ना हो?

मी म्हटलं, वय झालं की होतं असं. शेंगी तीन वर्षांची आहे.

२१ एप्रिल

ठरलं. आजपासून पॉइंटर बंद. पूर्ण. संध्याकाळीच दिपकच्या बॅगेत.

२२ एप्रिल

विचार केला. आमच्या गल्लीतल्या येडूची दारू सोडवली तेव्हा डॉक्टरनं एकदम बंद करू नका म्हटलं होतं. एकदम बंद केलं की झटके येतात. म्हणजे हळूहळू सोडवायला पाहिजे. मांजराची काळजी म्हणून दिवसातनं एकदाच, जेवल्यावर.

२३ एप्रिल

एकदाच. आणि एकदा संध्याकाळी, कारण दुपारचं लवकर संपवलं होतं.

२६ एप्रिल, संध्याकाळी

आज काय बोलू.

जगदेवीनं गच्चीवर कुरडया घातल्या आहेत. कबुतरं येऊ नयेत म्हणून दोरीला गाण्यांच्या जुन्या सीड्या, चकचकीत तबकड्या, टांगते, त्या वाऱ्यावर गोल फिरतात आणि उन्हाचे तुकडे चहूकडं फेकतात. आज भर दुपारी ते तुकडे माझ्या पत्र्यावर येऊन पळायला लागले. खाली मला वर नुसते पाय वाजलेले ऐकू येत होते. टपटप टपटप, इकडून तिकडं. मला वाटलं माकड.

पत्रा एप्रिलमधला. त्यावर भाकरी भाजेल.

रुपालीनं शिडी लावून उतरवली. उतरत नव्हती. वरून ओरडत होती आणि तरी पळत होती, असं रुपाली म्हणाली. चारही तळवे लाल, एकाला फोड. खाली आल्यावर चालेना, माझ्या गादीपर्यंत सरपटत आली आणि चंचीला डोकं लावून पडली.

जनावरांच्या दवाखान्यात नेली, रुपालीनं स्कूटीवर, मी मागं टोपली धरून. डॉक्टरीणबाई तरुण, धम्मापेक्षा थोडी मोठी. तळव्यांना मलम लावलं. मग विचारलं, उजेडाच्या मागं पळते म्हणता, घरात लेझर लाईटनं खेळवता का हिला? हल्ली बरेच जण खेळवतात. मांजर पळतं, पण हाताला काही लागत नाही. शिकार कधी संपतच नाही, मग काही मांजरांचं डोकं तिथंच अडकतं. सावली, ऊन, चकाकी, सगळ्यामागं पळत सुटतात. आणि तो झोत डोळ्यात गेला तर डोळ्यालाही वाईट. खेळवायचंच तर जी पंजात धरता येईल अशा वस्तूनं खेळवा, आणि शेवटी खायला द्या.

रुपाली म्हणाली, छे हो मॅडम, आमच्या घरी असलं काही न्हाय.

डॉक्टरीणबाईनं माझ्याकडं बघितलं. मी चंचीवर हात ठेवला आणि म्हटलं, आमच्याकडं कसली लेझर, बाई.

परत येताना टोपलीत शेंगी एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२७ एप्रिल

जगदेवीशी भांडायला गेले. तुझ्या सीड्यांनी माझी मांजर भाजली म्हटलं. चार माणसं जमली तर जमू देत म्हटलं. जगदेवी कुरडया उलटवत होती, उलटवतच राहिली. म्हणाली, मीनक्का, ह्या सीड्या तीन उन्हाळे टांगल्यात. तुझी शेंगी त्यांच्या खाली सावलीला झोपत होती की. तिनं कधी मान वर केली न्हाय. यंदा काय झालं तिला?

मी म्हटलं, यंदा ऊन जास्त आहे.

ती म्हणाली, व्हय? आणि मला थोड्या ओल्या कुरडया चाखायला दिल्या. तिच्याशी भांडणं अवघड आहे.

घरी येऊन पत्र्याखाली बसले. कवडसे सरकत होते. शेंगी पाय चाटत होती आणि मान न वळवता नुसत्या डोळ्यांनी त्यांच्यामागं जात होती. पाय भाजलेत म्हणून उठता येत नाही, नाहीतर उठली असती.

मी केलंय हे. फोनला सांगते. दुसऱ्या कुणाला नाही सांगत अजून.

३० एप्रिल

दिपक अंघोळीला गेला तेव्हा पॉइंटर त्याच्या बॅगेत टाकला. आतल्या कप्प्यात, फाटक्या अस्तराच्या आत, म्हणजे तिथंच अडकून राहिला होता असं वाटावं. एवढी अक्कल मला शाळा न शिकता आहे.

संध्याकाळी मिळाला त्याला. आधी खूश झाला. मग एकदम खुर्चीत बसला. म्हणाला, मी बसलिंगप्पाला काय-काय बोललो, आई. चारचौघांत बोललो. रुपालीनं त्याच्या डब्यासाठी शेंगाचटणीची वाटी वेगळी भरून ठेवली, बसलिंगप्पासाठी. दिपक म्हणाला, माफी मागतो परवा, उद्या सुट्टी. अस्तर फाटलं होतं सांगतो.

मी म्हटलं, असं होतं रे, माणूस आहे. आणि पानाला चुना जास्त लावला, तोंड भाजलं. बरं झालं.

३ मे

नवी पद्धत. टॉवेलची पट्टी, टोकाला सुकट बांधलेली. मी गादीवर बसून ओढते. डॉक्टरीणबाई म्हणाली तसं, शेवटी घास. शेंगीनं पट्टीचा वास घेतला, सुकट खाल्ली, आणि भिंतीकडं बघत बसली.

पहिला दिवस आहे. हळूहळू होईल.

६ मे

सुकट खाल्ली. भिंतीकडं बघितलं.

९ मे

आज पट्टीमागं दोन पावलं आली. मग चंचीचा आवाज झाला, माझंच कोपर लागून, आणि पट्टी टाकून चंचीपुढं बसली. मी चंची उघडून दाखवली. बघ बाई, पान, सुपारी, चुना, लवंग. दुसरं काही नाही. तिनं आत नाक घातलं. मग फरशीकडं बघितलं, मग भिंतीकडं, मग माझ्याकडं.

मी तर समजले होते, ही माझ्यासाठी येते म्हणून. सासऱ्यांसारखी बघते म्हणून मिरवत होते. सासरे तरी वाढणारीकडं कुठं बघायचे, पातेल्याकडं बघायचे.

११ मे, रात्री जेवल्यावर

धम्मा आली. वाळली आहे. शेंगीनं आधी पिशवीचा वास घेतला, मग बुटांचा, मग एकदम पायाला अंग घासून अशी ओरडली की धम्माच्या डोळ्यात पाणी. विसरली नव्हती. माझ्या छातीवरचा मोठा दगड उतरला. छोटा तिथंच राहिला.

धम्मानं तळवे बघितले. नवी गुलाबी कातडी. हे काय, आज्जी? मी म्हटलं, जगदेवीच्या सीड्या. धम्मा म्हणाली, पण फोनवर बोलली नाहीस. मी म्हटलं, तुझी परीक्षा होती. ती म्हणाली, परीक्षा एप्रिलच्या आधीच झाली, आज्जी.

मग मांजराला कुरवाळत राहिली. नर्स झाली पोरगी. पेशंट खोटं बोलतोय हे ओळखायला त्यांना शिकवत असतील.

१२ मे, संध्याकाळी

बुद्धपौर्णिमा. सकाळी सगळे विहारात. पंचशील घेतलं. पहिलं म्हणताना, कुणा जिवाला दुखवणार नाही, मनात म्हटलं, मी मारलं तर नाही ना, नुसतं खेळवलं. चौथं, खोटं बोलणार नाही. तिथं मला खोकला आला. खराच आला. शेजारी धम्मा होती, तिनं पाठीवर हात फिरवला. तो हात मला दुपारपर्यंत जाणवत होता.

घरी आल्यावर रुपालीची खीर. सगळे खाली बसलेले, शेंगी धम्माच्या मांडीवर झोपलेली, पंखा चालू. असं सगळं नीट होतं. मी खीर संपवली आणि सवयीनं चंची उघडली.

अडकित्ता वाजला.

शेंगी धम्माच्या मांडीवरून उडाली. माझ्यापुढं येऊन उभी राहिली, पण माझ्याकडं नाही, फरशीकडं बघत. गोल फिरली. भिंतीकडं गेली, भिंतीवर दोन्ही पाय टेकले, खाली आली, परत फरशी हुंगली, परत भिंत. आणि ते बारीक ओरडणं. सगळ्यांपुढं.

धम्मा म्हणाली, आज्जी, ही काय शोधतेय?

रुपालीनं हळूच चमचा खाली ठेवला. तिला दवाखाना आठवला असणार, डॉक्टरीणबाईनं काय विचारलं होतं ते. तिनं दिपककडं बघितलं. दिपक माझ्या चंचीकडं बघत होता. चंचीत आता काही नव्हतं, मी उलटी करून दाखवू शकले असते. पण साक्षीदार फरशीवर गोल फिरत होता.

दिपक एवढंच म्हणाला. बसलिंगप्पा.

मी म्हटलं, व्हय. मीच.

मग सगळं सांगितलं. खोकल्याच्या गोळीपासून. सांगताना वाटलं होतं की मोकळं वाटेल. नाही वाटलं.

१३ मे

कुणी रागावलं नाही. रागावायला पाहिजे होतं. दिपकनं ओसरीवर जाऊन बसलिंगप्पाला फोन केला, मग हसत आत आला. बसलिंगप्पा म्हणतोय, तुझ्या आईला विचार, माझ्याकडं एक हिरव्या लाईटचा आहे, पाठवू का?

आधी नको म्हटलं नाही मी. क्षणभर तोंडावर आलं होतं, कसला आहे विचारू. मग नको म्हटलं.

धम्मा निघताना माझ्याजवळ बसली. आज्जी, तुझे गुडघे दुखतात, खेळवता येत नाही, एवढं मला सांगायचंस की. मी म्हटलं, तू म्हणाली असतीस, आज्जीला जमत नाही. ती म्हणाली, बरं, मग? ते टाळून मीच विचारलं, खरं सांग, तिचा माझ्यावर थोडा तरी जीव होता का गं? धम्मानं माझी वेणी नीट केली. म्हणाली, आज्जी, आम्हाला पेशंटला खोटं सांगायची परवानगी न्हाय.

शेंगीला माझ्याकडंच ठेवून गेली. हेच लई लागलं. नेली असती तर सुटले असते.

१८ मे

पत्र्याच्या भोकांना डांबर आणि चिंध्या लावून घेतल्या. खोली अंधारी झाली. जगदेवीनं सीड्या काढून त्याजागी माझे जुने टॉवेल टांगले. कबुतरं आता तिच्या कुरडया खातात. ती हातानं हाकलत बसते.

चंची पण तिच्याकडंच ठेवली आहे. अडकित्ता वाजला की शेंगीला खोटी आशा लागते. पान खायला मी दुपारी तिच्या घरचा जिना चढून जाते, गुडघा धरून. पान सोडायचं आहेच, सोमवारपासून.

आज पान खाऊन आले तर शेंगी दारात बसली होती. मला वाटलं, वाट बघतेय. मग म्हटलं, मीनाबाई, आता पुरे. ती हाताकडं बघतेय. मी दोन्ही हात पुढं करून दाखवले. रिकामे. तिनं पाहिलं. भिंतीकडं गेली नाही. पुढं आली आणि माझी बोटं चाटली, एकेक करून, सावकाश.

सकाळी पट्टीला सुकट बांधली होती. तिचा वास राहिला असेल.